माझ्या मजुरीचा रकाना

व्यवसाय सुरू करू इच्छिणाऱ्या मैत्रिणी मला बहुधा भांडवल कुठून उभे करावे, हे विचारतात. मी त्यांना आधी हिशेबाची वही दाखवायला सांगते. गणवेश शिवून देण्याच्या व्यवसायात मला चौदा वर्षे झाली. त्यातली पहिली दोन तोट्यात गेली आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते. कापड, दोरा, बटणे, वीज, कारागिरांची मजुरी हे सर्व मी नीट मांडत असे, परंतु कापड बेतणे, तयार नग तपासणे आणि गिऱ्हाइकांशी बोलणे यात जाणाऱ्या माझ्या स्वतःच्या आठ-नऊ तासांसाठी वहीत रकानाच नव्हता. एके रात्री मी शर्टामागे माझी वीस मिनिटे धरली, त्यांना कारागिरांचाच दर लावला, आणि नफा म्हणून मिरवलेली रक्कम पुरती नाहीशी झाली. मी दर वाढवले. दोन जुनी गिऱ्हाइके सोडून गेली, याचे वाईट वाटले. पण उरलेल्यांच्या कामावर धंदा प्रथमच सावरला. घरात राबताना आपल्या वेळेचे मोल न धरण्याची सवय अनेकींच्या व्यवसायातही शिरते आणि ती भांडवलाच्या टंचाईइतकीच घातक ठरते, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी चूक खात्याची. सुरुवातीची चार वर्षे सगळी देणीघेणी पतीच्या खात्यातून होत होती. त्यात त्यांचा हेतू चांगलाच होता, मात्र नव्या यंत्रांसाठी मी कर्ज मागायला गेले तेव्हा माझ्या नावावर उलाढालीचा एकही पुरावा नव्हता आणि अर्ज नामंजूर झाला. अमेरिकेतल्या काही राज्यांत १९८८ च्या कायद्यापर्यंत स्त्रीला व्यवसायासाठी कर्ज घेताना पुरुष नातेवाइकाची सही आणावी लागे, हे मी पुढे वाचले. कायद्याने ती अट गेली, तरी ज्या बाईच्या नावावर व्यवहारच नाहीत तिला जामीनदार शोधावाच लागतो. म्हणून पहिल्या विक्रीच्या आधी स्वतःच्या नावाने व्यवसायाचे वेगळे खाते उघडावे, घरखर्च त्यातून करू नये आणि स्वतःसाठी ठरावीक रक्कम दरमहा पगार म्हणून काढावी.

दोन वर्षांनी पुन्हा अर्ज केला. अधिकाऱ्यांनी विचारले, “काम बंद पडले तर हप्ते कसे भराल?” नवउद्योगांच्या स्पर्धेतील प्रश्नोत्तरांवरचे एक संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात असे आढळले की, गुंतवणूकदार पुरुषांना वाढीविषयी अधिक विचारतात, तर स्त्रियांना नुकसान टाळण्याविषयी. आणि नुकसानीच्या प्रश्नालाही वाढीच्या अंगाने उत्तर देणाऱ्यांना अधिक भांडवल मिळते. तेव्हा मला यातले काही ठाऊक नव्हते. सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी शिल्लक खात्यात आहे, एवढे सांगून मी लगेच दरवर्षी पुन्हा येणाऱ्या मागण्यांची यादी पुढे ठेवली आणि नवी यंत्रे आल्यावर किती जादा नग निघतील ते मांडले. पुढचे सगळे बोलणे त्या यादीवरच झाले.

कर्ज मंजूर झाले, तरी उधारीची कसरत राहिलीच. कापडवाल्याला रोख द्यावे लागते आणि गिऱ्हाइकाचे पैसे साठ दिवसांनी येतात, त्यामुळे मोठी मागणी हाती असतानाच तिजोरी रिकामी होते. आता मी निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही.