प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन : या चुका टाळा

"आम्ही एजाइल आहोत, डॉक्युमेंटेशन लागत नाही" हे वाक्य ऐकलं की डोकं फिरतं. एजाइल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत बनवायची पद्धत. 2001 साली अमेरिकेतल्या युटामध्ये 17 जणांनी तिचा जाहीरनामा लिहिला, त्यात एवढंच आहे की ढीगभर कागदांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर जास्त मोलाचं, आणि लगेच खाली हेही आहे की कागदांनाही किंमत आहे. खालची ओळ वाचायचा कंटाळा.

उलटं टोकही नको. क्लायंटच्या सहीसाठी केलेलं जाडजूड वर्ड डॉक्युमेंट सही झाल्यावर कोणी उघडत नाही.

सगळ्यात महाग चूक म्हणजे कोड काय करतो ते लिहायचं आणि का करतो ते गाळायचं. पुण्यातल्या एका प्रोजेक्टवर व्हेंडर पेमेंटची फाइल बँकेला जायची आणि बँकेची पोच यायची वाट बघत कोड बराच वेळ थांबायचा, वर कमेंट (कोडमध्येच लिहिलेली टीप) होती "इथे थांबा", बस्स. नव्या मुलाला वाटलं उगाच स्लो आहे, त्याने ती वेळ कमी केली, टेस्ट पास झाल्या कारण बँकेचा टेस्ट सर्व्हर लगेच पोच द्यायचा. महिनाअखेरीला खरी पोच उशिरा आली, कोडला वाटलं फाइल गेलीच नाही, परत पाठवली, आणि व्हेंडरना दोनदा पैसे गेले. अकाउंट्सवाले एकेकाला फोन करून पैसे परत मागत होते. त्या थांबण्याचं कारण कुठे होतं, तर कंपनी सोडून गेलेल्या माणसाच्या जुन्या मेलमध्ये. मुलाने घाई केली हे खरंच, पण त्याला अडवणारी एक ओळ तिथे हवी होती. दुसऱ्याचा कोड रिव्ह्यू करताना असा थांबायच्या वेळेसारखा विचित्र आकडा कारणाशिवाय दिसला की मी अप्रूव्ह करत नाही, रिलीज उद्या असली तरी.

दुसरं, रात्री सिस्टीम पडल्यावर काय करायचं ते न लिहिणं. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबमध्ये (लोकांचा कोड ऑनलाइन ठेवणारी कंपनी) रेप्लिकेशन, म्हणजे मुख्य सर्व्हरच्या डेटाची दुसऱ्या सर्व्हरवर होत राहणारी कॉपी, दुरुस्त करताना एक कमांड काही न बोलता नुसती थांबून राहायची, ती तशी थांबतेच हे त्यांच्या रनबुकमध्ये (अडचणीत काय करायचं त्याच्या पायऱ्यांची यादी) नीट लिहिलेलं नव्हतं. इंजिनिअरला वाटलं दुसऱ्या सर्व्हरवरचा जुना डेटा आडवा येतोय, म्हणून तो उडवायला गेला आणि उडवला मुख्य सर्व्हरवरचा. नेहमीचे बॅकअप बरेच दिवस होतच नव्हते, सुमारे सहा तासांचा डेटा गेला. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर केलं, प्रत्येकाने वाचावं असं आहे. मी रनबुक लिहिलं की ज्याला ती सिस्टीम माहीत नाही अशाला चालवायला देतो आणि शेजारी गप्प बसतो, तो अडकला की तिथे ओळ वाढवायची.

बाकी थोडक्यात. रीडमीमध्ये (प्रोजेक्टची ओळख करून देणारी फाइल) पासवर्ड टाकू नका. डॉक्स कोड जिथे साठवतो त्याच रेपोमध्ये ठेवा, वेगळी विकी (टीमची माहितीची वेबपानं) कोणी अपडेट करत नाही. एआयकडून दर फंक्शनवर कमेंट पाडून घेणं बंद करा, कोडमध्ये दिसतंय तेच परत लिहिलेलं असतं, आणि बँक पोच उशिरा देते हे त्याला कोण सांगणार?