आंब्याचा सीझन आलाय, क्यूआर की गेटवे? पैसे घ्यायची तयारी

पहिली काढणी सुरू झाली की कशालाच वेळ मिळत नाही, म्हणून हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीत, मोहोरावर फवारण्या चालू असतानाच उरकून टाका. बाग आपली, आंबा आपला, पुण्या-ठाण्यात स्टॉल लावायचाय आणि शिवाय घरपोच पेट्यांच्या ऑर्डरी पण घ्यायच्यात. मग पैसे समोरासमोर क्यूआरवर घ्यायचे की ऑनलाइन गेटवे, म्हणजे वेबसाइटवर किंवा लिंकवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात टाकणारी कंपनी, लावायचा? सगळे आधी विचारतात कमिशन किती. गेल्या सीझनला मीही तेवढंच विचारलं आणि एप्रिलभर हात चोळत बसले. आधी विचारायचं ते हे: पैसे खात्यात कधी पडणार?

परत सांगते, पैसे खात्यात कधी पडणार. गिऱ्हाइकाला 'पेमेंट सक्सेसफुल' दिसतं, तुम्हाला मेसेज येतो, डॅशबोर्डवर आकडा चढत जातो, आणि बँकेत काहीच नसतं. गेटवेवाले साधारण टी प्लस टू म्हणतात, म्हणजे गिऱ्हाइकानं पैसे भरल्यानंतर कामकाजाचे दोन दिवस. कामकाजाचे, हे नीट वाचा. आपला सीझन कुठे येतो बघा: १ एप्रिलला बँकांचं इयर क्लोजिंग, १४ एप्रिल, १ मे, कधी गुड फ्रायडे, वर दुसरा-चौथा शनिवार आणि रविवार. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी दहा पेट्यांचे पैसे आले तर ते मंगळवारी पडणार, आणि त्या मंगळवारी १४ एप्रिल असला तर बुधवारी. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते हो, पण गेटवेचं कॅलेंडर वेगळं असतं. इकडे गड्यांचा हिशोब आठवड्याला, खोकीवाला रोख घेतल्याशिवाय माल उतरवत नाही, टेम्पोवाल्याला डिझेलचे आधी पाहिजेत. डॅशबोर्डवरचा आकडा दाखवून यातलं कोणीही ऐकत नाही.

त्यात नवीन खातं असेल आणि अक्षय्य तृतीयेच्या आधी एकदम ऑर्डरी वाढल्या की गेटवे सेटलमेंट, म्हणजे आपल्या खात्यात पैसे टाकणं, रोखून धरू शकतो, रिव्ह्यू म्हणून. कागद मागतात, बिलं मागतात, माल पाठवल्याचा पुरावा मागतात. आंबा झाडावर असतानाच अ‍ॅडव्हान्स बुकिंग घेणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळा, पैसे आज घेतले आणि माल महिन्यानं जाणार हे गेटवेवाल्यांना धोक्याचं वाटतं, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांचं चूक नाही. म्हणून सेल्सवाल्याला तीन गोष्टी विचारून ईमेलवर लेखी घ्या: सेटलमेंट किती दिवसांनी, सुट्ट्या धरून की सोडून, आणि कुठल्या रकमेनंतर होल्ड लागतो. फोनवर तो 'नो इश्यू मॅडम' म्हणेल. लेखी म्हणजे लेखी.

आता कमिशन. क्यूआरवर बँकेतून बँकेत यूपीआय आलं तर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे पेमेंटमागे कापलं जाणारं कमिशन, शून्य, १ जानेवारी २०२० पासून. गेटवेवर साधारण २ टक्के आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी. ३,००० च्या पेटीवर ६० रुपये कमिशन, १०.८० जीएसटी, हातात २,९२९.२०. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे नुसता आंबा विकणाऱ्या आपल्यासारख्यांची नोंदणी नसते, म्हणजे ते १०.८० परत मिळायचा प्रश्नच नाही, ते गेले. आंबापोळी, पल्प विकत असाल तर गणित बदलतं, सीएला विचारा. हे ७० रुपये पेटीच्या भावात आधीच धरा, नंतर गिऱ्हाइकाकडे 'ऑनलाइन चार्ज' मागितला की तोंड वाकडं होतं.

मग गेटवे घ्यायचाच कशाला? अनोळखी गिऱ्हाइकांसाठी. आणि न्यू जर्सीत बसून कोथरूडला आईकडे दोन पेट्या पाठवणाऱ्या मुलीसाठी, तिच्याकडचं कार्ड तुमच्या क्यूआरवर चालणार नाही. पण परदेशी कार्ड आपोआप सुरू होत नाही, वेगळी परवानगी लागते, दर जास्त, आणि सेटलमेंटही बरेचदा उशिरा, तर तेही आधीच विचारा. ओळखीच्या जुन्या गिऱ्हाइकांना सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर यूपीआय द्या, त्यांना लिंक पाठवून दोन टक्के कशाला घालवायचे.

गेटवेचे कागद: पॅन, कॅन्सल चेक, पत्ता. वेबसाइटवर रिफंड, शिपिंग, प्रायव्हसीची पानं लागतात, नसली की अर्ज परत येतो. सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. बाग आजोबांच्या नावे, खातं बाबांच्या, वेबसाइट तुमच्या आणि ब्रँडचं नाव चौथंच! एका माणसाचं एक खातं ठरवा आणि ते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं ठेवा, कारण कोणीतरी फ्रॉडचे पैसे तुमच्या क्यूआरवर टाकले तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक खातं गोठवू शकते आणि मग घरचं दूधबिलही अडकतं.

स्टॉलसाठी मर्चंट क्यूआर आणि पैसे आले की बोलून सांगणारा साउंडबॉक्स पुरे. कार्ड मशीनच्या भानगडीत पंधरा दिवसांसाठी पडू नका, भाडं सुटत नाही. क्यूआरवरचे पैसेसुद्धा कधी पडणार ते विचारा, हो, इथेही! बँकेचा असेल तर बरेचदा लगेच, अ‍ॅपवाल्यांचा असेल तर काही जण रात्री किंवा दुसऱ्या दिवशी एकत्र टाकतात. क्यूआर चकचकीत लॅमिनेट करू नका, भर दुपारी त्याच्यावर ऊन चमकतं आणि मागे रांग असताना गिऱ्हाईक फोन वरखाली करत बसतं. पत्र्याच्या मांडवात रेंज जाते, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. स्क्रीनशॉट बघून पेटी सोडायची नाही, बॉक्स बोलला किंवा आपल्या फोनवर जमा दिसलं तरच. आणि पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, हे स्टॉलवर बसणाऱ्या प्रत्येक पोराला सांगून ठेवा.

रिफंड: साका, म्हणजे आतून खराब गर, निघाला म्हणून तक्रार आली तर शक्यतो पुढच्या काढणीतला आंबा बदलून द्या. रिफंड दिला तर कापलेलं कमिशन सहसा परत येत नाही, शिवाय रिफंड तुमच्या पुढच्या सेटलमेंटमधून वजा होतो, म्हणजे आधीच उशिरा येणारे पैसे अजून कमी येतात. पेटी बंद करताना फोटो काढा, पोचल्याचा मेसेज जपून ठेवा, चार्जबॅक आला, म्हणजे गिऱ्हाइकानं बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागितले, तर तेवढंच कामी येतं आणि उत्तराला मुदत असते.

हातात दोन आठवड्यांची मजुरी, खोकी आणि टेम्पो एवढी रोकड ठेवूनच गेटवे सुरू करा. नसेल तेवढी, तर यंदा क्यूआरवरच भागवा.

जूनमध्ये साउंडबॉक्स परत, भाड्याचं ऑटोपे बंद, नाहीतर दहा महिने उगीच कापलं जातं. रिपोर्ट डाउनलोड करून सीएला. आणि शेवटचं सेटलमेंट खात्यात पडलेलं पासबुकात दिसल्याशिवाय गेटवे बंद करू नका.