वायोमिंगमध्ये सहकुटुंब डायनासोरच्या उत्खननात सहभागी कसे व्हावे

अमेरिकेतील वायोमिंग राज्यात थर्मोपोलिस नावाचे छोटे गाव आहे. तेथील वायोमिंग डायनासोर सेंटर या संग्रहालयातर्फे उन्हाळ्यात सर्वसामान्य पर्यटकांनाही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिवसभर उत्खननात काम करता येते. हे खडक मॉरिसन शैलसमूहातले, म्हणजे सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचे असून त्यांत कॅमारासॉरस, डिप्लोडोकस अशा लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची हाडे मिळतात.

उत्खनन कोणतेही निवडा, पण सापडलेले हाड शेवटी कोठे जाते, हे आधी विचारावे. अमेरिकेत खाजगी जमिनीतील जीवाश्मांवर सहसा जमीनमालकाचा हक्क असतो आणि ते विकलेही जातात. केंद्र सरकारच्या जमिनीवर मात्र 2009 च्या कायद्यानुसार पृष्ठवंशीय प्राण्यांचे जीवाश्म परवान्याशिवाय उचलता येत नाहीत. थर्मोपोलिसची हाडे अभ्यासासाठी संग्रहालयाकडेच राहतात, आणि मुलांना न्यायचे तर अशाच ठिकाणी न्यावे, असे माझे ठाम मत आहे. हाड घरी आणता येणार नाही, हे मुलांना निघण्यापूर्वीच नीट समजावून सांगावे.

जागा मोजक्या असल्याने नोंदणी काही महिने आधी करावी आणि त्याच वेळी वयाची अटही विचारून घ्यावी, कारण लहान मुलांसाठी वेगळा कार्यक्रम असतो. केवळ यासाठी भारतातून जाणे खर्चाचे आहे. परंतु नातेवाइकांकडे अमेरिकेत गेलेल्या किंवा तेथेच राहणाऱ्या कुटुंबांना यलोस्टोनच्या सहलीला हे जोडता येते, कारण त्या उद्यानाच्या पूर्वेकडील कोडी हे शहर थर्मोपोलिसपासून मोटारीने साधारण दीड तासावर आहे. मुलांची पूर्वतयारी भारतातच करायची असेल, तर गुजरातमधील बालासिनोरजवळचे रय्योली पाहून यावे. तेथे खडकातच रुतलेली डायनासोरची अंडी दिसतात.

सोबत टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट, गुडघ्यांखाली घ्यायला जाड गादी आणि भरपूर पाणी असावे. हवा कोरडी असल्याने घाम जाणवत नाही, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता मुलांना पाणी पाजत राहावे. या भागात रॅटलस्नेक हे विषारी साप असतात, त्यामुळे न पाहता दगडाखाली हात घालू नये.

प्रत्यक्ष काम बसून, हळू आणि अगदी थोड्या जागेत चालते. दाभणासारख्या टोकदार हत्याराने मातकट खडकाचा पातळ थर सैल करायचा, ब्रशने झाडायचा आणि पुन्हा पाहायचे. रंग किंवा पोत बदलला, की हात थांबवावा. तुकडा हाडाचा की दगडाचा, असा संभ्रम पडल्यास जाणकार तो जिभेला लावून पाहतात. जीवाश्म हाडातील सूक्ष्म छिद्रांमुळे तो बहुधा जिभेला चिकटतो. हाड दिसताच ते उपसून काढण्याचा मोह आवरावा आणि मार्गदर्शकाला हाक मारावी. भेगांमध्ये पातळ गोंद सोडला जातो, चौकटींच्या नकाशावर हाडाची जागा आणि दिशा नोंदवली जाते, आणि त्यानंतरच भोवतीचा खडक कोरला जातो. ही नोंद मुलांना स्वतः करू द्यावी, कारण कोणते हाड कोणाशेजारी पडले होते, यावरूनच तो प्राणी कसा मेला आणि त्याला कोणी खाल्ले, हे कळते. येथील एका खाणीत कॅमारासॉरसच्या हाडांबरोबर अ‍ॅलोसॉरस या मांसाहारी डायनासोरचे दातही मिळाले आहेत.

मोठे हाड ओल्या कागदाने झाकून, प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्यांनी गुंडाळतात. मोडलेल्या हाताला घालतात, तसेच हे प्लास्टर असते. ते वाळल्यावर हाड खालच्या खडकापासून सोडवून उलटवतात. एका दिवसात हे सगळे पाहायला मिळेलच असे नाही, म्हणून शक्य असल्यास दोन दिवसांची नोंदणी करावी.

संध्याकाळी अंग आंबलेले असते. गावातल्या हॉट स्प्रिंग्ज स्टेट पार्कमधील सरकारी स्नानगृहात गरम झऱ्याच्या पाण्यात विनामूल्य बसता येते. मात्र एका वेळी 20 मिनिटांचीच मुभा असते, आणि पोहण्याचे कपडे सोबत न्यावेत.