माइनक्राफ्ट: सोल सँड टाकूनही बुडबुड्यांची लिफ्ट चालत नसेल तर (माझा अनुभव)

कोल्हापुरात बसून पन्हाळगडावरची तीन मजली अंधारबाव (विहीर) माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेममध्ये उभी करतोय. वर यायला एक बाय एकचा उभा बोगदा केला, तळाला सोल सँड (पाण्यात वर ढकलणारे बुडबुडे सोडणारा ठोकळा), वरून बादलीभर पाणी. बोगदा काठोकाठ भरलेला दिसतो, पण बुडबुडे नाहीत. सोल सँड काढून परत बसवली, वरून आणखी पाणी ओतलं, गेम बंद करून चालू केला. डोकं पार उठलं.

कारण असं: वरून ओतलं की फक्त वरचा ठोकळा 'सोर्स' (न वाहणारं, मूळ पाणी) असतो, खालचं सगळं नुसतं पडतं पाणी. बुडबुड्यांना तळापासून सलग सोर्सच लागतो.

आता नेमका क्रम. सोल सँड काढा, तिथे माती ठेवा. खालच्या दाराच्या चौकटीत पाटी लावा, पाणी बाहेर येत नाही. वरून एक बादली ओता. मग तळाच्या मातीवर केल्प (गेममधलं समुद्री शेवाळ) लावा आणि एकावर एक लावत थेट वरच्या ठोकळ्यापर्यंत जा. मध्ये एकही जागा सोडू नका. केल्प जिथे लागतं तिथलं पडतं पाणी सोर्स होतं, सगळी गंमत इथेच आहे. आता सगळ्यात खालचं केल्प तोडा, वरचं आपोआप तुटतं, सोर्स मात्र राहतो. माती काढून सोल सँड बसवा. क्षणात बुडबुडे वर धावतात.

खाली उतरायला शेजारी दुसरा बोगदा असाच भरा, फक्त तळाला सोल सँडऐवजी मॅग्मा ठोकळा ठेवा, त्याचे बुडबुडे खाली ओढतात. केल्प गेमच्या (जावा) १.१३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून आहे. त्याआधीच्या आवृत्तीत हे जमणार नाही.