विनोदाचा अभ्यास करताय? या चुका टाळा

एम.ए.च्या प्रकल्पासाठी विनोद हा विषय मुलं हौसेनं घेतात, कारण तो सोपा वाटतो. मग वहीत यादी तयार होते: शाब्दिक विनोद, प्रसंगनिष्ठ विनोद, उपहास, विडंबन. माणसं का हसली, हे त्यात कुठेच नसतं.

पहिली गडबड इथेच. भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्रा'च्या सहाव्या अध्यायातले स्मितापासून अतिहसितापर्यंतचे सहा प्रकार सगळे पाठ करतात. पण ते प्रकार हसण्याचे आहेत, विनोदाचे नव्हेत. हसू कशानं येतं तेही त्याच अध्यायात आहे: विपरीत वेष, धिटाई, हावरटपणा, असंबद्ध बडबड. आडदशावतारातला, म्हणजे दशावतार या कोकणातल्या लोकनाट्याच्या सुरुवातीच्या भागातला, विनोदी राक्षस संकासुर बघताना ही दुसरी यादी हाताशी ठेवा, लगेच उपयोगी पडेल.

दुसरी चूक आमच्या कोकणात फार. 'मालवणी बोलीमुळे विनोद होतो' असं बिनदिक्कत लिहिलं जातं. अहो, जत्रेत समोर बसलेल्यांची ती घरातलीच बोली. ते कशाला हसतील तिला? दशावतारातला राजा पुस्तकी मराठीत गर्जना करतो, संकासुर मालवणीत त्याच थाटात आगाऊपणा करतो. हसू येतं ते या अंतरामुळे. 'वस्त्रहरण' या मालवणी नाटकाचंही तसंच. ते महाभारताचं विडंबन असं लिहून मोकळे होऊ नका. तिथे फजिती द्रौपदीची नाही, द्रौपदीवस्त्रहरणाचं नाटक बसवायला निघालेल्या गावकऱ्यांची आहे. कोण कोणाला हसतंय, हे आधी ठरवा.

दशावताराला बांधीव लिखित संहिता नसते; संवाद रंगमंचावरच घडतात. तरीही मुलं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकून संवाद उतरवतात आणि कागदावर त्यात काहीच गंमत दिसत नाही म्हणून वैतागतात. उपाय साधा: संवादाशेजारी आणखी दोन रकाने आखा. एकात नट कुठे थांबला, मृदंग कुठे वाजला. दुसऱ्यात लोक कधी हसले. फोनही असा लावा की प्रेक्षकांचा आवाज येईल. हशा ओळ संपायच्या आधीच आला असेल, तर तो शब्दांना नाही, चेहऱ्याला किंवा हालचालीला आहे.

व्यंगचित्रात मजकूर हातानं झाका. तरी हसू आलं, तर विनोद रेषेत आहे; शि. द. फडणीसांच्या बहुतेक चित्रांत झाकायला मजकूरच सापडत नाही. सिनेमातला प्रसंग आवाज बंद करून एकदा पाहा, मग नुसता ऐका.

आणि पु. ल. देशपांड्यांचा 'अंतू बर्वा' वाचून 'कोकणी माणूस तिरकस असतो' एवढंच लिहू नका. रत्नागिरीतल्या त्या म्हाताऱ्याच्या तिरकसपणामागचं एकटेपण सुटलं, तर विश्लेषण अर्धंच राहतं.

प्रकल्पासाठी तीन तासांचं नाटक निवडू नका. पाच मिनिटांचा प्रवेश पुरतो, आणि तोही जड जातो.