जबड्याचा सांधा दाखवायला जाण्यापूर्वीची तयारी

जबडा दुखतो म्हणून आपण दंतवैद्याकडे जातो आणि "नेमके कुठे दुखते?" या पहिल्याच प्रश्नाला उत्तर म्हणून अख्ख्या गालावरून तळहात फिरवतो. त्या तळहाताखाली अक्कलदाढ, कान, लाळेची ग्रंथी, चावण्याचे स्नायू आणि जबड्याचा सांधा असे सगळेच येते. माझ्या अशाच मोघम उत्तरापायी एका दाढेचे रूट कॅनॉल झाले. दुखणे मात्र होते तिथेच राहिले, कारण ते सांध्याचे होते. त्यात घाई दवाखान्याची होती, तशी सांगण्यातली कसर माझीही होती. म्हणून नाशिकात कुठेही दाखवायचे ठरले, तरी आधीचा एक आठवडा पुढील तयारीला द्यावा.

मात्र काही दुखणी आठवडाभर थांबणारी नसतात. जबड्यासोबत छातीत दाब, घाम किंवा धाप असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते आणि तेव्हा दंतवैद्य नव्हे, तातडीचा विभाग गाठावा. जांभई देताना तोंड उघडे राहून मिटेनासे झाले, गाल सुजून ताप आला, अपघातात हनुवटीला मार बसला, किंवा जखमेनंतर काही दिवसांनी जबडा आवळू लागला, तर त्याच दिवशी दाखवावे. वयाच्या पन्नाशीनंतर कानशील नव्याने ठणकू लागले, चावताना जबडा थकू लागला आणि नजर अंधुक झाली, तर तासांचाही उशीर करू नये.

आता सांधा ओळखून ठेवावा. कानाच्या भोकासमोर बोट टेकवून तोंड सावकाश उघडले, की बोटाखाली हाडाची गोटी आधी फिरते आणि मग पुढे सरकते, तोच हा सांधा. गोटी आणि कवटीची खोबण यांच्यामध्ये एक चकती असते. ती पुढे घसरलेली असली, तर तोंड उघडताना जागेवर येते आणि "कट्ट" असा आवाज होतो. ती परत जागेवर येईनाशी झाली, की आवाज थांबतो, पण तोंडही अर्ध्यावर अडते, त्यामुळे आवाज बंद झाला म्हणजे दुखणे बरे झाले, असे समजू नये. उलट, नुसता आवाज आहे, दुखत नाही आणि तोंड पूर्ण उघडते, अशा सांध्याला सहसा उपचार लागत नाहीत. आवाज पुन्हा येतो का हे पाहण्यासाठी जबडा सारखा हलवण्याची खोड तेवढी सोडावी.

आरशासमोर उभे राहून आपल्याच हाताची तीन बोटे समोरच्या दातांमध्ये उभी मावतात का, ते सकाळी आणि रात्री पाहावे. शक्य असल्यास पट्टीने मोजून आकडा लिहावा. साधारण 40 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त अंतर चांगले, 35 च्या आत असेल, तर ते आवर्जून सांगावे. उघडताना हनुवटी एका बाजूला वळते का, हेही टिपावे. सुपारी किंवा गुटख्याची सवय असेल, तर इथे संकोच नको. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी असली, तरी तो किती जणांच्या खिशात सापडतो, हे सर्वांना ठाऊक आहे. वर्षानुवर्षे मजेत खाल्लेल्या मिसळीचा रस्सा अचानक तोंडात आग करू लागला, गाल आतून ताठर लागू लागले आणि तोंड उघडणे आकसत गेले, तर तो सांध्याचा नव्हे, सुपारीने जडणारा आजार असू शकतो. पुढे त्यात कर्करोगाचा धोकाही असतो.

रोजनिशीत मोजक्याच ओळी असाव्यात: उठल्या उठल्या दुखते की संध्याकाळी, कोणत्या घासाला, कानशिलापर्यंत जाते का. झोपेत दात खाण्याची सवय स्वतःला कळत नाही, ती शेजारी झोपणाऱ्याला विचारावी. दिवसा दात आवळण्याची खूण मात्र स्वतःच पकडता येते. द्वारका चौकातल्या कोंडीत गाडी थांबली, की वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकलेत का, ते पाहावे. माझे दर वेळी टेकलेले सापडत. ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ वरच्या दातांमागे टाळूला सैल टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची ठेवण.

या आठवड्यात ऊस, फुटाणे, कडक पेरू, चिवड्यातले खोबऱ्याचे काप आणि भाकरीचा कडक पापुद्रा टाळावा. मऊ खिचडी, ताकभात, रश्श्यात भिजलेला पाव चालतो. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी. दुखऱ्या स्नायूंवर पंधरा-वीस मिनिटे सोसवेल असा ओला शेक द्यावा.

कागदांत जुने एक्स-रे आणि चालू औषधांची यादी हवीच; नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी दात आवळणे वाढू शकते, तर मूत्रपिंडाचा किंवा आम्लपित्ताचा त्रास असल्यास वेदनाशामके जपून द्यावी लागतात. पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, म्हणजे ओपीजीत, हाडे दिसतात, चकती दिसत नाही. ती एमआरआयमध्ये दिसते, पण तो प्रत्येकाला लागतोच असे नाही. पंचवटीतील कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी जायचे असल्यास सकाळ मोकळी ठेवावी, कारण शिकवण्याच्या दवाखान्यात तपासणी सावकाश होते आणि या दुखण्यात ते फायद्याचेच असते.

प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. दुखणे स्नायूंचे आहे की सांध्याचे, आणि सुचवलेला उपचार नंतर मागे घेता येण्याजोगा आहे का, हे दोन आधी विचारावेत. बहुतेकांना आहार, शेक, व्यायाम आणि थोड्या दिवसांची औषधे यांनीच आराम पडतो. म्हणून पहिल्याच भेटीत दात तासून चावा, म्हणजे वरचे-खालचे दात जुळण्याची ठेवण, बदलण्याचा किंवा शस्त्रक्रियेचा विषय निघाला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेऊनच होकार द्यावा. नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचे आवरण, दिल्यास तो किती तास लावायचा आणि कधी तपासायचा, हे लिहून घ्यावे. पुढच्या भेटीला तो डबीत घालून सोबत न्यावा, गार पाण्यानेच धुवावा आणि एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत विसरू नये. वाकडा झालेला गार्ड मग दातांवर बसत नाही.