मिठाच्या अफाट मैदानावर जाताना या चुका टाळा

मिठाचे मैदान पांढरे, सपाट आणि रिकामे दिसते, म्हणून पाहणारा त्याला सहज जमीन समजतो. तिथे होणाऱ्या बहुतेक चुका या एका समजुतीतून होतात. प्रत्यक्षात ते सरोवरच असते. त्याच्या पाण्याला समुद्राकडे वाट मिळाली नाही, ते उन्हाने आटत गेले आणि त्यातले क्षार वर्षानुवर्षे तिथेच साचत राहिले. बोलिव्हियातील सालार दे उयुनी हे अशा मैदानांपैकी जगातील सर्वांत मोठे असून त्याचा विस्तार १०,००० चौरस किलोमीटरहून अधिक आहे. तिथेही दुधावर साय धरावी तसे मिठाचे कवच खालच्या खाऱ्या पाण्यावर आणि चिखलावर धरलेले आहे. हे कवच कुठे काही मीटर जाड असते, तर कुठे जेमतेम वीतभर. त्यामुळे कोणत्या ऋतूत, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि मैदानाच्या कोणत्या भागात जायचे, हे आधी ठरवावे लागते.

छायाचित्र पाहिले, ऋतू पाहिला नाही

सर्वाधिक निराशा याच चुकीमुळे होते. आकाशाचे प्रतिबिंब दाखवणारा आरसा आणि षट्कोनी रेषांची कोरडी जाळी ही दोन्ही एकाच मैदानाची रूपे आहेत, पण ती एकाच ठिकाणी एकाच वेळी दिसत नाहीत. उयुनीला साधारण जानेवारी ते मार्च या पावसाळी महिन्यांत आरसा मिळण्याची शक्यता असते आणि मे ते ऑक्टोबर या काळात कोरडे मीठ असते. पाणी असले म्हणजे आरसा मिळालाच असेही नाही. पाण्याचा थर उथळ हवा आणि वारा पडलेला हवा, म्हणून पहाटेची आणि सूर्यास्ताची वेळ हाताशी राहील असाच मुक्काम ठेवावा. पाणी फार चढले तर वाहने काठाजवळच थांबतात आणि मैदानाच्या आतील इंकावासी बेटापर्यंत पोहोचता येत नाही. ज्यांना दोन्ही रूपे पाहायची आहेत त्यांनी पावसाळा ओसरतानाचा काळ निवडावा, कारण तेव्हा काही भाग कोरडा झालेला असतो आणि काही भागात पाणी उरलेले असते.

हे गणित प्रत्येक मैदानाचे वेगळे असते. कच्छचे रण पावसाळ्यात पाण्याखाली जाते आणि सावकाश सुकत हिवाळ्यात पांढरे होते, त्यामुळे घाई करून लवकर गेलेल्याला बराचसा चिखलच पाहावा लागतो. अमेरिकेतील बॉनव्हिल येथे वेगाच्या विक्रमांसाठी प्रसिद्ध असलेली वार्षिक शर्यत पृष्ठभाग योग्य नसल्यामुळे २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे रद्द करावी लागली होती. आयोजकांनाही जिथे मैदानापुढे नमते घ्यावे लागते, तिथे प्रवाशाने निघण्यापूर्वी सद्यःस्थितीची चौकशी करणे हे किमान कर्तव्य आहे. रात्रीच्या आकाशाबाबतही तिथीचा विचार करावा: पौर्णिमेला सगळे मैदान उजळून निघते, मात्र त्याच उजेडात आकाशगंगा दिसेनाशी होते. तारे पाहायचे असतील तर अमावास्येच्या आसपास जावे.

काठावरचा विश्वासघात

मैदानाच्या मध्यभागी धोका जास्त असेल असे वाटते, परंतु अनेकदा काठ अधिक फसवा असतो, कारण तिथे मिठाचा थर पातळ असतो आणि त्याखाली मऊ गाळ असतो. रंगाकडे लक्ष ठेवावे. स्वच्छ पांढरा, खडबडीत आणि पायाखाली करकरणारा पृष्ठभाग सहसा टणक असतो, तर करडा, तपकिरी किंवा ओलसर चकाकणारा भाग संशयास्पद समजावा. टाच दाबून पाहावी. ठशाच्या कडा खचल्या आणि त्यात करडे पाणी हळूहळू झिरपून वर येऊ लागले, तर पुढचे पाऊल न टाकता आलेल्या ठशांवरूनच मागे फिरावे. उयुनीजवळच्या कोल्चानी गावाच्या बाजूला कवचाला भोके पडून खालचे पाणी बुडबुड्यांसह वर येताना दिसते. हे दृश्य पाहण्यासारखे आहे, पण त्या भोकांच्या कडेवर उभे राहू नये.

गाडी रुतली की चालक बहुधा जोरात ॲक्सिलरेटर दाबतो, आणि फिरणारे चाक कवच फोडून गाडी आणखी खाली नेते. चाक जागच्या जागी फिरू लागताच थांबावे, प्रवाशांना उतरवून वजन कमी करावे, चाकांपुढचा आणि मागचा गाळ फावड्याने काढावा, टायरमधील हवा थोडी कमी करावी, चाकाखाली फळी किंवा जाड चटई घालावी आणि आलेल्या चाकोरीवरूनच हळूहळू मागे यावे. एवढे करूनही गाडी निघाली नाही, तर मदत येईपर्यंत गाडीजवळच थांबावे. अशा मोकळ्या मैदानात माणसापेक्षा गाडी लांबून लवकर दिसते. ‘समोरच तर डोंगर आहे’ असे म्हणून चालू लागणे ही सर्वांत घातक चूक आहे. झाड, घर, खांब असे मोजमापाला काहीच नसल्यामुळे अंतराचा अंदाज पार चुकतो. त्यातच तापलेल्या हवेत प्रकाश वाकतो, दूर पाणी असल्याचा भास होतो आणि डोंगर जमिनीपासून सुटून तरंगताना दिसतात.

ऊन खालूनही येते

टोपी घातली म्हणजे झाले, असे इथे होत नाही. पांढऱ्या मिठावरून परावर्तित झालेले ऊन हनुवटीखाली, नाकाच्या खालच्या बाजूला आणि पापण्यांखाली लागते, त्यामुळे सनस्क्रीन तिथेही लावावे आणि बाजूंनी झाकणारा, अतिनील किरण अडवणारा चष्मा वापरावा. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागले, पाणी येऊ लागले आणि उजेड सहन होईनासा झाला, तर डोळे चोळू नयेत, उजेडापासून दूर राहावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

उयुनी सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे आणि दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते. थेट सखल भागातून तिथे पोहोचणाऱ्याला डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणे हा त्रास होऊ शकतो, म्हणून वाटेत मध्यम उंचीवर एक-दोन रात्री काढाव्यात. अनेकांच्या हे लक्षात येत नाही की तिथून दक्षिणेकडील सरोवरांकडे जाणारा अनेक दिवसांचा मार्ग ४,००० मीटरच्याही वर चढतो; पहिल्याच दिवशी त्रास होत असेल तर पुढे जाऊ नये, आणि बसल्या जागी धाप लागत असेल किंवा चालताना तोल जात असेल तर ताबडतोब खाली उतरावे. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली या खोऱ्यातले बॅडवॉटर हे मिठाचे मैदान याच्या अगदी उलट, समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली आहे. त्याच खोऱ्यात १९१३ मध्ये ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती, त्यामुळे तिथे उन्हाळ्यातील दुपारी मिठावर पायी फिरण्याचा बेत करूच नये.

फसलेली छायाचित्रे

पांढरे मीठ छायाचित्रात मळकट येते, कारण कॅमेरा त्या लखलखाटाला करड्या रंगाकडे ओढतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश, एक ते दीड स्टॉप (प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो) वाढवावे. प्रतिबिंब फिके येत असेल तर पोलरायझर फिल्टर (परावर्तित प्रकाश अडवणारी, भिंगापुढे लावायची काच) फिरवून पाहावा किंवा काढूनच टाकावा. हातातल्या बाटलीवर माणूस उभा असल्याचा आभास निर्माण करायचा असेल तर कॅमेरा मिठाला टेकवावा, बाटली जवळ ठेवावी आणि माणसाला बराच मागे उभे करावे. लांब सावल्या ही युक्ती उघडी पाडतात, म्हणून त्यासाठी भर दुपार बरी.

जे पाहायचे राहून जाते

छायाचित्रांच्या गडबडीत पायाखालचे षट्कोन निरखून पाहणारे फार थोडे असतात, याचे वाईट वाटते. गुडघे टेकून पाहिले तर त्यांच्या उंचावलेल्या कडांवर बारीक स्फटिकांची दाटी दिसते. जगभरातील मैदानांवर हे षट्कोन एक-दोन मीटर रुंदीचेच का असतात, याचे स्पष्टीकरण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मिळते: पृष्ठभागाजवळचे पाणी बाष्पीभवनाने अधिक खारट आणि जड होऊन खाली उतरते, कमी खारट पाणी वर येते, आणि जिथे जड पाणी उतरते त्या रेषांवर मीठ जास्त साचून कडा उभ्या राहतात. हे षट्कोन उकरून आठवण म्हणून नेऊ नयेत. इंकावासी बेटावरील उंच निवडुंगांखालच्या खडकांवरही थोडे थांबावे, कारण प्राचीन सरोवरातील जीवाश्मांचे प्रवाळासारखे थर तिथे उघडे पडलेले आहेत.

बोट्स्वानातील सुआ हे मिठाचे मैदान आणि कच्छचे रण या ठिकाणी पाणी भरले की रोहित पक्षी वीण करतात. वाहन किंवा ड्रोन जवळ नेल्यास वसाहत बिथरून अंडी टाकून देऊ शकते, म्हणून त्यांना दुर्बिणीतूनच पाहावे. मीठ काढणाऱ्या कामगारांनी सुकण्यासाठी रचलेल्या ढिगाऱ्यांवर चढू नये, कारण ते कोणाच्या तरी मेहनतीचे आणि विक्रीचे मीठ असते.

परतल्यावर त्याच दिवशी बूट, ट्रायपॉडचे पाय आणि गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवावा. ट्रायपॉडचे सांधे उघडून धुवावेत, कारण तिथे अडकलेले मीठ हवेतील ओलावा ओढून धातू खात राहते.